दहिसरहून उतू घातलेलं दूध

सगळ्यात आधी मला खटकली ती काडी.

वाळक्या गवताची एक साधी काडी. व्हिडिओ कॉलवर घर दाखवता दाखवता रोझाआजींनी फोन भिंतीतल्या दगडी चुलीसमोर धरला, आणि वरच्या धुराड्यातून एक काडी गिरक्या घेत खाली आली नि चुलीत पडली. मी मनात म्हटलं, अरेच्चा, ही कुठून आली? पण तेवढ्यात आजींनी खिडकी उघडली. खाली अख्खी दरी, पलीकडे डोंगर, आणि खिडकीला हातभर रुंद दगडी कट्टा. काडी माझ्या डोक्यातून गेली ती गेलीच.

आता तुम्ही मला ओळखता. कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारी मी. लिफ्टमध्ये शिरले की वजनाची पाटी वाचून आतली माणसं न्याहाळणारी. अंधेरीच्या ऑफिसात दिवसभर विम्याचे दावे तपासते, त्यामुळे कुणाचं छत कसं पडलं, कुणाचा गिझर कसा फुटला, सगळं मला पाठ. घरात कुणी नुसतं शिंकलं तरी मी पुढचे तीन अनर्थ सांगू शकते. अशा मुलीनं नेमकी ती काडी सोडावी? दहिसरच्या खोलीत बसून परदेशातलं घर धुरानं कसं भरावं हे कुणाला शिकायचं असेल, तर या, बसा, चहा ओता. यातली तज्ज्ञ तुमच्यासमोर आहे!

तर झालं असं. ऑफिसातल्या तन्वीनं एक लिंक पाठवली. इटलीत डोंगरावरची काही गावं म्हणे ओस पडलीयत. तरणी माणसं शहरात गेली, म्हातारी राहिली, घरांना कुलपं लागली. म्हणून ती घरं स्वस्तात विकायला काढतात. मोडकी असतात, दुरुस्ती आपली आपण करायची. हे सगळं बाबांना वाचून दाखवलं तर ते त्यांच्या मालवणीत म्हणाले, “ह्यात इटलीचा काय इला? ही तर आमच्या गावचीच गजाल!”

किंमत? अंधेरीत गाडी उभी करायच्या जागेपेक्षा स्वस्त! तीही उघड्यावरच्या.

तन्वी म्हणाली, “घे ना यार. सही आहे.”

“वेडी आहेस का? मी नुसतं बघतेय.”

नुसतं बघतेय! तुम्ही कधी साडीच्या दुकानात ‘नुसतं बघायला’ गेलायत का? मग तुम्हाला पुढचं कळलंच.

आमचं घर म्हणजे दहिसरच्या चाळीतली एक खोली आणि तिला चिकटलेलं स्वयंपाकघर. चाळ पाडून टॉवर होणार, होणार, असं माझ्या जन्माच्या आधीपासून चाललंय. बाबांनी टॉवरमधल्या बाल्कनीसाठी आरामखुर्ची घेऊन ठेवली होती. तिचं कापड फाटलं, बाल्कनी आली नाही. खोलीला एक खिडकी आहे. तिच्या एका गजाला आईच्या वाळणाची दोरी, दुसऱ्याला केबलची वायर, आणि फळीवर बाबांचा रेडिओ, तुळस, कांदे. मी झोपते माळ्याखाली. उठताना डोकं आपटतं. डोकं आपटून जागी होणारी मुलगी कशाची स्वप्नं बघणार? मला एक खिडकी हवी होती, जिच्यावर दुसऱ्या कुणाचं काही ठेवलेलं नसेल. जिथे मी पाय वर घेऊन बसेन आणि कुणी म्हणणार नाही, “शलाका, सरक जरा, पापड घालायचेत.”

आणि त्या घराला नेमकी तशीच खिडकी. आता सांगा!

घर होतं रोझाआजींच्या वारलेल्या भावाचं. आजी समोरच राहायच्या, किल्ली त्यांच्याकडे. मी बोलायचे ते फोनमधलं ॲप त्यांच्या भाषेत सांगायचं, त्या बोलायच्या ते माझ्या. दोनदा बोललो तर त्यांना मी आवडून गेले. तिसऱ्यांदा मी आईबाबांनाही बसवलं. ती माझी पहिली चूक. कारण दहिसरच्या माणसाला घर दाखवायचं म्हणजे त्याची एक ठरलेली पद्धत असते.

आई म्हणाली, “खिडकी राहू दे. भिंत ठोकून दाखवा म्हणावं.”

“आई, त्या वयस्क आहेत.”

“मग हळू ठोका म्हण.”

आजींनी ठोकली. पापडाएवढा गिलावा खाली आला. आजींनी आमच्याकडे बघून गोड हसत तो पायानं कपाटाखाली सरकवला. आई माझ्या कानात म्हणाली, “बाई आपल्यातलीच आहे.”

“पाणी किती वाजता येतं, विचार.”

मी विचारलं. आजींना प्रश्नच कळेना. ॲपनं पुन्हा सांगितलं. मग उत्तर आलं, “पाणी चोवीस तास असतं.”

आई मटकन खाली बसली. “चोवीस तास?” तिनं बाबांकडे असं पाहिलं, जणू इतकी वर्षं पहाटे उठून भरलेल्या बादल्या त्यांच्यामुळेच भरल्या होत्या.

“फक्त,” आजी पुढे म्हणाल्या, “नळ बसवायचे आहेत. आणि पाईप.”

“छप्पर?” बाबांनी विचारलं.

“छप्पर भक्कम आहे. पाऊस फक्त कोपऱ्यातच येतो.”

“आमच्याकडेही!” बाबा खुशीत ओरडले. एकदम नातंच जुळलं.

पण मी विमावाली ना! घर दिसतं तेवढंच नसतं, हे मला कळतं. मी खोदत गेले. तुम्हालाही कुणी अशी लिंक पाठवली तर ऐकून ठेवा. घर स्वस्त, ते खरंच स्वस्त. पण ठरलेल्या मुदतीत दुरुस्त करीन अशी हमी द्यायची, त्यासाठी अनामत ठेवायची, मुदत चुकली की अनामत गेली. छप्पर नवं, वायरिंग नवं, सांडपाण्याची लाईन नवी. बाहेरून रंग आपल्या मनाचा नाही, गावाच्या नियमाचा. कागद तिकडच्या भाषेत, म्हणून दुभाष्या. घरात राहा नाहीतर न राहा, कर भरायचा. आणि हे सगळं करणारा गवंडी कामावर आला की नाही, हे बघणार कोण? मी. मी कुठे? दहिसरला! आमचा प्लंबर चाळीखाली टपरीवर उभा राहून ‘निघालोय’ सांगतो, तिथे इटलीतला काय सांगेल?

हे सगळं मी चहाच्या टपरीवर तन्वीला ऐकवलं.

“आणि सगळ्यात भारी ऐक. घर घेतलं म्हणून तिथे राहता येतं असं नाही. व्हिसा वेगळा. तो देतील तितकेच दिवस जायचं.”

तन्वीनं वडापाव खाली ठेवला. “म्हणजे घर तुझं, आणि तू पाहुणी?”

“हो.”

“शलू, मग तुझं आत्ताचं घर काय वाईट आहे? तिथे पण तू माळ्याखाली पाहुणीच आहेस.”

मी हसले. पण घरी जाताना रिक्षात ते वाक्य टोचत राहिलं. आणि एक खर्च तर कुठल्याच वेबसाईटनं सांगितला नव्हता. पाऊस आला की ती खिडकी कोण लावणार? संध्याकाळी दिवा कोण लावणार? मी इकडे माळ्याखाली पडून विचार करत राहणार, आत्ता तिथे ऊन कुठपर्यंत आलं असेल? अशी हुरहूर आयुष्यभर पोसायची, तिचा हप्ता कुठल्या बँकेत भरायचा?

तेव्हा ठरलं. नाही म्हणायचं.

रोझाआजींना रविवारपर्यंत उत्तर हवं होतं. शहरातलं कुणी जोडपंही घर बघून गेलं होतं, पण आजींचा जीव माझ्यात. म्हणाल्या होत्या, “तू खिडकीकडे बघतेस तसा माझा भाऊ बघायचा.” आता अशा बाईला नाही कसं म्हणायचं? शनिवारी रात्री मी आईला म्हटलं, “मला रडू येतंय. घर माझं झालंच नाही आणि गेलं.”

आई डाळ निवडत होती. सहज म्हणाली, “घर असं आपलं होत नाही गं. दूध उतू गेलं की होतं. या खोलीत आलो तेव्हा मी स्टोव्हवर दूध उतू घातलं होतं. स्टोव्ह विझला, वातींची वाट लागली, पण घर झालं.”

बस्स. तेवढं ऐकलं आणि मी झोपले. म्हणजे, डोकं आपटून झोपले.

रविवार उजाडला. आमची दुपार म्हणजे त्यांची सकाळ. स्वयंपाकघरात आई बांगडे तळत होती. मी माळ्याच्या शिडीच्या मधल्या पायरीवर, कारण रेंज तिथेच. वाक्य घोकून पाठ. ‘आजी, मला माफ करा, आम्हाला घर घेणं जमणार नाही.’ सोपं आहे ना?

फोन लावला. आजी चर्चचे ठेवणीतले कपडे घालून त्याच घरात उभ्या. फरशी झाडलेली. आणि त्या दगडी कट्ट्यावर एका पेल्यात फुलं. माझ्यासाठी!

मी तोंड उघडलं. आता ‘नाही’ म्हणायचं हां शलाका, चल. आणि माझ्याच तोंडून मी ऐकलं, “आजी, एक काम कराल? त्या घरात थोडं दूध तापवाल?”

का म्हटलं मी हे? अहो, मला काय माहीत! घर नाही तर नाही. पण एकदा, एकदाच त्या घरात माझ्या नावाचं दूध उतू जावं, मी ते बघावं, आणि मग नाही म्हणावं. तुम्ही दुकानात न घ्यायची साडी एकदा खांद्यावर टाकून आरशात बघत नाही का? तसं.

आजींनी विचारलं, “दूध कशासाठी?”

मी समजावून सांगितलं, “आमच्यात नव्या घरात पहिल्यांदा दूध उतू घालतात. म्हणजे भरभराट होते.”

ॲपनं ते शब्द न् शब्द बरोबर सांगितलं. उगाच त्याला दोष देणार नाही. आजींचे डोळे भरले. त्यांनी फोन छातीशी धरला, त्यामुळे मला फक्त कोटाचं बटण दिसायला लागलं, आणि त्या खिडकीतून जोरात ओरडल्या.

आता मला सांगा, त्या बिचारीचं काय चुकलं? ‘नव्या घरात’ असं कोण म्हणालं? मीच ना? मी घर घेतलं असंच त्या समजणार!

चर्च नुकतंच सुटलं होतं. माणसं यायला लागली. एक बाई खुर्च्या घेऊन. एक जण भलामोठा पाव घेऊन. कुणी बाटली घेऊन. शेवटी काळ्या झग्यातले पाद्रीच आले.

“भटजी पण इले!” बाबा शिडीखालून म्हणाले. मागे येऊन कधी उभे राहिले कुणास ठाऊक. मी दचकून पायरी चुकले.

आई उलथनं घेऊन धावली. पाद्री बघितले आणि तिनं आधी डोक्यावर ओढणी घेतली. “अगं, हे काय चाललंय? तू नाही म्हणणार होतीस ना?”

“आई, ते... दूध उतू घालतायत.”

“आज? घरात बांगडे तळतायत आणि तू शुभकार्य काढलंस?”

“बांगडे इथे आहेत आई. दूध तिथे आहे!”

“शुभकार्य कुणाचं आहे पण? आपलंच ना? एक फोन आधी करायचा होतास, मी वरणभात केला असता!”

तिकडे पातेलं आलं, दूध आलं, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की घरात गॅस कुठाय? गॅसची जोडणी हा आणखी एक खर्च होता, मी तो विसरलेच होते. आजींनी हसत चुलीकडे हात केला. इतक्या वर्षांनी भावाची चूल पेटणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“चुलीवर!” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम कापरा झाला. “असाच व्हया. दूध चुलीवरच तापाक व्हया.” लहानपणी सोडलेलं गाव त्यांना त्या इटालियन चुलीत दिसत होतं, आणि मी त्यांना कसं सांगणार की हे आपलं नाहीये?

लाकडं लागली. जाळ झाला. दूध ठेवलं. आम्ही तिघं फोनच्या चौकटीत डोकी खुपसून उभे. धूर वर जायला हवा होता ना? तो गेला थोडासा वर, थांबला, विचार केल्यासारखा रेंगाळला, आणि खोलीत परत आला.

आणि मला आठवली ती काडी.

“काडी!” मी किंचाळले. “आजी, वर घरटं आहे! धुराड्यात घरटं आहे!”

कशात? शुद्ध मराठीत! ॲप सुरू ठेवायचं भान कुणाला होतं?

पुढचं तुकड्यातुकड्यात दिसलं. पांढरा धूर. धुराड्यातून फडफडत कोसळलेले दोन पक्षी, काजळीनं काळेकुट्ट. खुर्च्या पडल्याचा आवाज. हवेत पाव. पाद्री दोन्ही हात वर करून, प्रार्थना की पक्षी हाकलणं, कळेना. मग फोन पडला. क्षणभर छत दिसलं, कोपऱ्यातलं, पाऊस येतो ते. मग एक बूट. मग काळोख.

कॉल कट.

मी पुन्हा लावला. रिंग जातेय. कुणी उचलत नाही. पुन्हा. पुन्हा. तन्वीच्या लिंकवर नंबर होता त्या एजंटबाईंना लावला, तर रविवारी सुट्टी! ऑफिसात मी असले दावे वाचून हसते हो! आता माझाच दावा डोळ्यांसमोर. नुकसान काय? घर, शेजार, एक पाद्री. कारण? दूध उतू जावं म्हणून. अर्जदाराचा घराशी संबंध? काही नाही!

एवढ्यात दारावर धाडधाड. मी शिडीवरून जवळजवळ पडलेच. शेजारच्या सावंतकाकू.

“अगो, धूर येतोय! काय जळतंय?”

“इटली!” मी म्हटलं.

“काय?”

“काकू, आग इथे नाही, इटलीत लागलीय!”

काकूंनी मला बाजूला सारलं, आत शिरल्या आणि गॅस बंद केला. तव्यावर बांगड्यांचा कोळसा झाला होता. खोलीभर धूर. मला वाटत होतं भीतीनं डोळ्यांत पाणी येतंय!

काकूंना सगळं सांगावं लागलं. त्यांनी ऐकलं, आणि एवढंच विचारलं, “मग घर घेतलंत की जाळलंत?”

तन्वीला फोन केला. ती म्हणाली, “तू ना यार, एक घर बघायला सांगितलं तुला, एकच!” आणि इतकी हसली की मी फोन ठेवून दिला.

आईनं सूत्रं हातात घेतली. “इकडे बघ. लागला फोन की दोन वाक्यं. पहिलं, ‘तुम्ही सगळे ठीक आहात ना?’ दुसरं, ‘आम्हाला घर नको.’ तिसरं काही नाही. म्हण.”

“तुम्ही सगळे ठीक आहात ना. आम्हाला घर नको.”

“पुन्हा.”

“तुम्ही सगळे ठीक आहात ना. आम्हाला घर...”

“नको.”

“नको.”

बाबा फाटक्या आरामखुर्चीच्या कडेवर बसले होते. हळूच म्हणाले, “पण दूध उतू गेलां काय गो?”

“अहो!” आई कडाडली. “तिथे माणसं आगीत आहेत की धुरात कळत नाही, आणि तुम्हाला दुधाचं पडलंय? बाप आहात की गवळी?”

मी मान डोलावली. खरंच, माणसाला काही काळीज असावं की नाही?

मी पुन्हा लावला. एका हातात फोन, दुसऱ्या हातात शिडी. ॲप सुरू. वाक्यं तयार. खोलीत जळक्या बांगड्यांचा वास, आई समोर बोट उगारून, काकू दारात ठाण मांडून, बाबा खाली मान घालून. रिंग गेली. गेली. गेली. आता तुटणार, असं वाटलं. आणि अचानक खटकन आवाज आला.

“प्रोंतो?”

म्हणजे तिकडचं ‘हॅलो’. रोझाआजी! घसा पार बसलेला. मागे कुणी खोकतंय, कुणी हसतंय, ताटल्या वाजतायत, आणि उघड्या खिडकीतून वारा आत येतोय, तो मला इथे ऐकू येत होता.

मी अशी दचकले, अशी दचकले, की पहिलं वाक्य गेलं, दुसरं गेलं, ॲपवरचा अंगठाही निसटला.

“आजी,” मी दहिसरच्या स्वच्छ मराठीत विचारलं, “दूध उतू गेलं का हो?”